तलाव बघून नको, संडास बघून जागा निवड

पत्र:

मावशी, नमस्कार. आम्ही शिकागोजवळ नेपरविलला राहतो. मुलं नऊ आणि पाच वर्षांची. जूनमध्ये सासू-सासरे पुण्याहून आलेत. नवऱ्याने ऑफिसातल्या लोकांचं ऐकून विस्कॉन्सिनच्या डेव्हिल्स लेक स्टेट पार्कमध्ये ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दोन रात्रींचं कॅम्पिंग बुक करून ठेवलंय. बुक केलं गेल्या सप्टेंबरात आणि आम्हाला सांगितलं आत्ता. साइट निवडली ती अगदी टोकाची, ‘शांत’ म्हणून. सासरे ७२ वर्षांचे. मधुमेह आहे, इन्शुलिन घेतात, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. सासूबाई ६७. चार वर्षांपूर्वीपर्यंत दरवर्षी आळंदीहून वारीला चालत जायच्या, आता गुडघ्यांमुळे बंद. त्यांचं एकच पालुपद चालू आहे, ‘एवढं घर असताना मैदानात कशाला निजायचं?’ एकदा नणंदेबरोबर पवनेला गेल्या होत्या. तिथे रात्रभर डीजे वाजत होता, त्यामुळे कॅम्पिंग म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे असं त्या म्हणतात. खरं सांगायचं तर मलाही हौस नाही. सामान मीच भरणार, रांधणार मीच आणि परत आल्यावर धुणारही मीच. सगळं रद्द करावं का? की आम्ही चौघांनीच जावं आणि त्यांना दोन दिवस घरी ठेवावं?

टेंटमध्ये अजून न शिरलेली सून

उत्तर:

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुझ्या नवऱ्याचा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना तू जाता जाता लिहून टाकलेल्या एका वाक्यापाशी अडकले. सासूबाई वारीला चालत जायच्या.

म्हणजे तुमच्या घरात राहुटीत निजायचा अनुभव फक्त एका व्यक्तीला आहे, आणि तिलाच घरी ठेवू का म्हणून तू मला विचारतेयस. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, अडीच-तीन आठवडे, तेही ऐन पावसाळ्यात. शेतातल्या ओल्या मातीवर राहुटी, अंगाला अंग लागेल अशी दाटी, पहाटे तीनला उठून टँकरच्या पाण्यावर अंघोळ, रांग लागायच्या आत सगळं उरकायचं आणि उजाडायच्या आत पुढची वाट धरायची. हे सगळं केलेल्या बाईला डेव्हिल्स लेकचं कॅम्पग्राउंड म्हणजे लॉज वाटेल. तिथे फ्लशचे संडास आहेत, गरम पाण्याचे शॉवर आहेत, प्रत्येक साइटला टेबल आणि शेकोटीचं कडं आहे.

मग त्या नको का म्हणतात? मला वाटतं, वारीत मैदानात निजायचं तर पुढे पंढरपूर असतं. इथे पुढे काय आहे ते त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. शिवाय हे सगळं ठरलं त्यांना न विचारता. (तुलाही न विचारता, त्याचं खाली बघू.) तेव्हा रद्द करू नकोस, आणि त्यांना घरी ठेवून तर मुळीच जाऊ नकोस. पण आत्ताची योजना आहे तशी चालणार नाही.

आधी साइटचं. आम्ही १९९६ साली सासू-सासऱ्यांना घेऊन मिशिगनमधल्या एका तळ्यावर गेलो होतो. पार्कचं नाव सांगत नाही, त्याचा काही दोष नव्हता. आमच्या ह्यांनी नकाशावर पाण्याला सगळ्यांत जवळची जागा हेरली. सूर्यास्त काय दिसला, विचारू नकोस. आणि मग रात्र झाली. संडास कुठे, तर सगळ्या साइट ओलांडून पलीकडे. सासूबाई, मी आणि एक टॉर्च, तीही अंगणातून मांजर हाकलायच्या लायकीची. जाताना तीनशे पावलं मोजली होती त्यांनी. परत येताना वाट चुकून दुसऱ्याच टेंटची चेन मी उघडली. आतल्या माणसाने शांतपणे ‘नॉट धिस वन’ म्हटलं आणि पुन्हा घोरायला लागला. सासूबाई त्यानंतर बारा वर्षं होत्या, पण मिशिगनचा विषय निघाला की ‘ते संडास लांब असलेलं गाव’ असंच म्हणायच्या.

म्हणून, तलाव बघून नको, संडास बघून जागा निवड. डेव्हिल्स लेकला तर तलाव बघण्याचा प्रश्नच येत नाही. तिथली तीन कॅम्पग्राउंडं म्हणजे क्वार्ट्झाइट, नॉर्दर्न लाइट्स आणि आइस एज, आणि त्यांतलं एकही पाण्याला लागून नाही. क्वार्ट्झाइट बीचला त्यातल्या त्यात जवळ, पण मोकळं, सावली कमी. नॉर्दर्न लाइट्स बरंच झाडीतलं. आइस एज गर्द झाडीत आणि तलावापासून सगळ्यांत लांब. तुझ्या नवऱ्याची ‘शांत’ साइट कुठली ते नकाशावर बघ आणि तिथून संडासापर्यंत बोट फिरव. लांब असेल तर त्याला कामाला लाव. रिझर्व्हेशनच्या वेबसाइटवर रोज सकाळी चहा घेताना बघायचं, कोणी रद्द केलंय का. ऑगस्टमध्ये लोक रद्द करतात, विशेषतः पावसाचा अंदाज आला की, आणि आठवड्यातल्या मधल्या दिवसांना जास्त मिळतं. अगदी संडासाच्या दारासमोरचीही घेऊ नकोस. रात्रभर दिवा डोळ्यांवर आणि दाराची धडधड. दोन-तीन साइट सोडून असली की पुरे. विजेची साइट मिळाली तर घे. मामंजींच्या टेंटमध्ये एक छोटा दिवा लावून ठेवता येतो आणि फोन चार्ज होतो.

रात्रीचं आणखी एक. कपाळावर लावायचा हेडलॅम्प प्रत्येकाला एक, मामंजींना दोन. हातात टॉर्च धरून नाडी सोडता येत नाही, हे हेडलॅम्प विकणारे सांगत नाहीत. आणि तांब्या ने. इथल्या संडासांत कागदाखेरीज काही नसतं, आणि ६७ व्या वर्षी कोणी सवयी बदलाव्यात अशी अपेक्षा ठेवू नये. प्लॅस्टिकची झारी मिळते, तीही चालते.

साइटवर एक कुटुंब किंवा सहा माणसं असा नियम आहे, तुम्ही बरोब्बर सहा. टेंट मात्र दोन लावा. त्यांचा असा घ्या की मधोमध उभं राहून धोतर-साडी नेसता यावी. जमिनीवर एअर मॅट्रेस टाकलीस तर त्यांना त्यावरून उठता येणार नाही, मग नातवंडं दोन्ही हात धरून ओढणार आणि गुडघा जाणार. पायांची घडीची कॉट मिळते, खाटेसारखी. दोन घे, नाहीतर महाराष्ट्र मंडळातल्या कोणाकडून माग. शंभरातल्या ऐंशी मराठी घरांच्या गराजमध्ये एकदाच वापरलेलं कॅम्पिंगचं सामान पडलेलं असतं. (हा आकडा माझ्या मनातला. पण गराज उघडून बघा.) कॉटवर खालून गार लागतं, म्हणून आधी जाड सतरंजी आणि मग स्लीपिंग बॅग. तिथे ऑगस्टमध्ये दिवसा घाम येतो आणि पहाटे स्वेटर लागतो. सासूबाईंना कानटोपी घालायला सांगावं लागणार नाही, मुलांना सांगावं लागेल.

आता, पुढे काय आहे ते.

त्यांना नाव मराठीत सांगू नकोस एवढीच विनंती. ‘सैतानाचा तलाव’ म्हटलंस की दोन रात्री रामरक्षा ऐकावी लागेल. किंवा सांगच, पण पुढची गोष्टही सांग. हो-चंक हे तिथले मूळचे लोक. त्यांच्या भाषेतल्या नावाचा अर्थ पवित्र तलाव, आत्म्यांचा तलाव असा काहीसा होतो. गोऱ्या लोकांनी त्याचा सैतान केला. आपल्या लोणारला निदान असुर मारायला विष्णू येतो आणि दैत्यसूदनाचं देऊळ उभं राहतं. इथे देवाचाच सैतान झाला. दक्षिण काठाजवळ पक्ष्याच्या आकाराचा मातीचा उंचवटा आहे, पंख पसरलेला. शेकडो वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी रचलेला. त्यावर चढायचं नसतं, पोरांना आधीच बजाव. सासूबाई तिथे चपला काढतील, माझी खात्री आहे. काढू देत.

मामंजींसाठी दगड आहेत. पुण्याच्या माणसाला काळ्या पाषाणाची सवय, सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. इथला क्वार्ट्झाइट जांभळट-गुलाबी, सुमारे १६० कोटी वर्षांहून जुना. तलावाच्या दोन्ही बाजूंना पाचशे-पाचशे फुटांचे कडे, आणि मध्ये हे पाणी कुठून आलं त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पूर्वी या घळीतून नदी वाहायची. हिमयुगात बर्फाचा प्रचंड पत्रा सरकत आला आणि वितळताना त्याने घळीच्या दोन्ही तोंडांशी माती-दगडांचे बांध टाकले. मध्ये पाणी अडलं, ३६० एकरांचा तलाव झाला. दोन बांधांचं धरण, फक्त कंत्राटदार बर्फ. अमेरिकेतल्या शेवटच्या हिमयुगाला भूगर्भशास्त्रात नावच ‘विस्कॉन्सिन’ असं आहे. पार्क झालं १९११ मध्ये.

हा दगड दिसायला देखणा, पण सह्याद्रीवर चढलेल्यांना फसवतो. बेसॉल्ट पायाला धरतो. क्वार्ट्झाइट गुळगुळीत, आणि पावसाचा शिडकावा झाला की साबण. तेव्हा बॅलन्स्ड रॉक आणि डेव्हिल्स डोअरवे या दोन्ही वाटा तू, नवरा आणि मोठा मुलगा करा, तेही सकाळी, कोरड्यात. दगडी पायऱ्या उभ्या आहेत. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकार तरुणांना सरकारने कामाला लावलं होतं, या पार्कातल्या वाटांवर आणि इमारतींवर त्यांचे हात फिरलेत. सासूबाईंना यातली एकही पायरी नको. त्यांच्यासाठी पश्चिम काठाने जाणारी टंबल्ड रॉक्स ट्रेल आहे, सुमारे मैलभर. कड्यावरून कोसळलेल्या घराएवढ्या शिळांच्या मधून पाण्याच्या कडेकडेने जाते, चढ फारसा नाही. वाट वाकडी-तिकडी आहे, म्हणून काठी हवी. अर्ध्यातून परत फिरलं तरी काही बिघडत नाही. दक्षिणेकडे ग्रॉटोज ट्रेल म्हणून आहे, कड्याच्या पायथ्याने, सावलीची आणि सपाट.

दिवसभर बसायला उत्तर किनारा बरा. गवत आहे, टेबलं आहेत, शॅटो नावाची जुनी इमारत आहे, तिथे आइस्क्रीम मिळतं. पाण्यात पेट्रोलच्या बोटींना बंदी आहे, फक्त विजेवरच्या चालतात, त्यामुळे तुमच्या पवनेसारखा गोंगाट नसतो. रात्री अकरानंतर कॅम्पग्राउंडमध्ये आवाज करायचा नाही. हे सासूबाईंना आधी सांग, डीजेची धास्ती जाईल. उलट आपल्याच लोकांची गाणी-गप्पा अकराच्या पुढे गेल्या की रेंजर येतो, हे मी बघितलंय. (अंताक्षरीत ‘ळ’ आला होता. तोही वेळ मोजत उभा राहिला.) लाइफगार्ड मात्र कुठल्याच किनाऱ्यावर नाही, आणि पाणी काठापासून थोडं आत गेलं की खोल होतं. पाच वर्षांच्या पोराला लाइफजॅकेट, आणि एक मोठं माणूस फोन खाली ठेवून त्याच्याकडे बघत बसलेलं. पाण्यातून आल्या आल्या खसाखसा पुसून घ्या. तसंच वाळलं तर तिथल्या बारीक जीवांनी अंगाला खाज सुटते. काही दिवसांत जाते, पण तेवढे दिवस मुलं तुझं डोकं खातात.

शनिवार-रविवारी जाणार असाल तर हे सगळं विसर. विस्कॉन्सिनमधलं सगळ्यांत गर्दीचं स्टेट पार्क आहे ते, सकाळी दहाला पार्किंग भरतं. तारखा बदलता आल्या तर रविवार ते मंगळवार करा. कॅम्पिंगच्या भाड्याखेरीज गाडीचा पास वेगळा लागतो आणि आपल्या इलिनॉयच्या नंबरप्लेटला तो महाग पडतो. चिडचिड न करता भरा.

आता स्वयंपाक. इथे मी तुझ्यावर थोडी रागावणार आहे. तू आधीच ठरवून टाकलंयस की सगळं तूच करणार. ज्याने बुक केलं त्याच्या हातात स्टोव्ह दे. दोन बर्नरचा प्रोपेनचा स्टोव्ह, तीन लिटरचा कुकर, एक बिडाचा तवा, एक पातेलं. एवढ्यात सहा माणसं जेवतात. वाऱ्याने आच एका बाजूला पळते, कुकरची शिट्टी येता येता राहते आणि डाळ बोटचेपी राहते, म्हणून स्टोव्हच्या वाऱ्याकडच्या बाजूला कूलर उभा करायचा. शिट्टी झाली की आजूबाजूच्या तीन साइटवरची माणसं माना वळवतात. हात हलवायचा.

पहिल्या दिवशी घरून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी. रात्री पिठलं-भात. दुसऱ्या दिवशी सकाळी थालीपीठ, भाजणी घरून न्यायची. आणि दुसऱ्या रात्रीसाठी काही नेऊच नका. ऑगस्टमध्ये पार्कजवळच्या बराबू गावाच्या वाटेवर शेतकरी गाड्या लावून मक्याची कणसं विकत असतात. डझनभर घ्या, सालासकट पाण्यात बुडवून ठेवा, निखाऱ्यांच्या कडेला टाका, अधूनमधून फिरवा. साल काळी पडली की सोला आणि पुन्हा थेट विस्तवावर दोन मिनिटं धरा, दाण्यांवर काळे ठिपके येईपर्यंत. मीठ, तिखट, अर्धं लिंबू. कणीस भाजायला मामंजींना बसवा. सिंहगडावर खाल्लेल्या कणसांची गोष्ट आपोआप निघेल.

लाकडं घरून नेऊ नका, तुमच्या अंगणातल्या पडलेल्या झाडाची असली तरी. विस्कॉन्सिनच्या पार्कात दहा मैलांच्या आतली किंवा प्रमाणित लाकडंच चालतात. ॲशच्या झाडांना पोखरणारा हिरवा भुंगेरा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि असाच लाकडांबरोबर राज्याराज्यांत पसरला. त्याने किती झाडं खाल्ली ते वाटेत दोन्ही बाजूंना उभ्या राखाडी खोडांवरून कळेल.

जेवण झालं की सगळं गाडीत. टेंटमध्ये खाऊ नाही, टेबलावर डबा नाही, कूलरसुद्धा गाडीत. रकून नावाचे इथले रानटी प्राणी दोन हातांनी डबे उघडतात. आमच्या चकल्यांचा डबा सकाळी साठ फुटांवर सापडला, झाकण बाजूला नीट ठेवलेलं.

इन्शुलिन कूलरमध्ये ठेवाल, पण बर्फाला थेट लागू देऊ नका. गोठलं तर फेकायचंच. पिशवीत घालून, टॉवेलात गुंडाळून वरच्या बाजूला. आणि मामंजींच्या उशाशी साखर, बिस्किटं वगैरे लागतंच, ते घट्ट झाकणाच्या डब्यात. रकूनचा नियम इथे मोडायचा. व्हिजिटर इन्शुरन्सचं कार्ड गाडीत ठेव, हॉस्पिटल बराबू गावात आहे. झाडीतून आल्यावर रोज संध्याकाळी सगळ्यांच्या अंगावर टिक आहेत का बघायचं, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत. आपल्याकडच्या गोचिडीचा हा भाऊ, पण तिळाएवढा, आणि त्याने लाइम रोग होतो. सासूबाई पोरांच्या डोक्यात उवा शोधत मोठ्या झालेल्या पिढीतल्या आहेत. त्यांना हे काम द्या.

काम द्या, हे मी मुद्दाम म्हणतेय. पोचल्यावर टेंटची पिशवी उघडायच्या आधी सासूबाईंना साइटभर फिरू दे आणि राहुटी कुठे टाकायची ते त्यांना विचार. उतार कुठे, पाणी कुठून येईल, कोरडी जागा कुठली, हे त्या पायाने चाचपून सांगतील. तुझा नवरा सपाट खळगा बघून तिथेच खुंट्या ठोकणार. पाऊस आला की त्याच खळग्याचं तळं होतं.

एवढं करूनही पहिली रात्र वाईट गेली, तर दुसऱ्या रात्री बराबूत मोटेल घ्या. त्यात कमीपणा नाही. दोघांना तिथे झोपवून सकाळी परत आणायचं. पाऊस लागला तर त्याच गावात सर्कस वर्ल्ड म्हणून संग्रहालय आहे, रिंगलिंग बंधूंनी तिथेच १८८४ मध्ये सर्कस सुरू केली. मामंजींना सांग, आपल्या विष्णुपंत छत्र्यांची त्याआधी चार वर्षं, १८८० मध्ये. दुपार आरामात निघेल.

रात्री आगगाडीची शिट्टी ऐकू आली तर दचकू नका. तलावाच्या पूर्व काठाने १८७३ पासून रूळ गेलेत, मालगाडी अजून जाते. मामंजी रात्री उठणारच आहेत, तेव्हा त्यांच्याबरोबर एकदा तूही बाहेर ये आणि वर बघ. ११ ते १३ ऑगस्टच्या रात्री पर्सिड्सचा उल्कावर्षाव भरात असतो, मध्यरात्रीनंतर जास्त. चंद्र मोठा नसेल आणि आभाळ मोकळं असेल तर तासाभरात बऱ्याच दिसतात. पुण्यात ऑगस्टमध्ये ढग, त्यामुळे ७२ वर्षांत त्यांनी हा बघितला नसणार. खुर्च्या आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेव, आणि थर्मासमध्ये चहा. सासूबाई झोपल्या असतील तर उठवू नकोस. पण त्या जाग्याच असतील. वारीची सवय, तीनला डोळा उघडतोच.